अपडेट कधी घ्यायचे, हे ठरवणार कोण?

संगणकाने आपणहून अपडेट घेतले आणि तो पुन्हा सुरू होऊ लागला, तर डोळस माणसाच्या लेखी ती दहा-पंधरा मिनिटांची कटकट असते. माझ्यासारख्या अंध व्यक्तीचा संगणक मात्र त्या क्षणी मुका होतो. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर हाही विंडोजवर चालणारा एक प्रोग्रॅमच असल्यामुळे विंडोज बंद पडले की त्याचा आवाजही बंद होतो. अपडेट बसत असताना पडद्यावर टक्केवारी पुढे सरकत असते, संगणक बंद करू नका अशी सूचना दिसत असते, पण ते वाचून दाखवणारे तेव्हा कोणीच नसते. पूर्वी हार्ड डिस्कच्या घरघरीवरून काम चालू आहे की अडकले आहे, याचा थोडाफार अंदाज बांधता येत असे; आवाज न करणारी एसएसडी ही नवी डिस्क आल्यापासून तोही आधार गेला. आता मी मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरून सीइंग एआय या अ‍ॅपकडून ती टक्केवारी वाचून घेते. मोबाइल जरा तिरका धरला गेला, तर अर्धेच शब्द ऐकू येतात आणि आकडा नेमका राहून जातो. एवढ्यात समोर ग्राहक येऊन बसलेला असेल, तर त्याला किती वेळ थांबावे लागेल हे मी सांगू शकत नाही.

तरीही हा मुकेपणा तात्पुरता असतो. खरी चिंता संगणक पुन्हा बोलू लागल्यावर सुरू होते.

स्क्रीन रीडर पडद्याकडे 'बघत' नाही, ही गोष्ट पुष्कळ डोळस लोकांना ठाऊक नसते. तो प्रत्येक प्रोग्रॅमला विचारतो की इथे काय आहे, त्याचे नाव काय, ते बटन आहे की यादी, निवडलेले आहे की नाही. आणि प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी ही माहिती आत भरून ठेवली असेल, तरच तो ती आम्हाला सांगू शकतो. नवी आवृत्ती काढताना एखाद्याने बटनावर सुबक चित्र काढले, पण त्याला नाव दिले नाही, तर डोळसांना छापायंत्राचे चित्र दिसते आणि आम्हाला नुसते 'बटन' एवढेच ऐकू येते. मी बँकेत काम करते. आमच्याकडे कर्जप्रकरणांसाठी जे सॉफ्टवेअर वापरले जाते, त्याचे रूप एका सोमवारी सकाळी बदललेले होते. शुक्रवारपर्यंत मी ज्या पानावरून टॅब कळ दाबत, ग्राहकाशी बोलता बोलता माहिती भरत जात होते, त्याच पानावर आता 'बटन, बटन, बटन, संपादन, बटन' एवढेच ऐकू येत होते. यातले कुठले बटन अर्ज जतन करते आणि कुठले तो रद्द करते, हे कळायला मार्ग नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने आपले काम बाजूला ठेवून मला बटने मोजून सांगितली आणि त्या दिवसापुरते भागले. ज्या कामासाठी आदल्या आठवड्यापर्यंत मला कोणाचीही गरज पडत नव्हती, त्याच कामासाठी रविवार उलटताच दुसऱ्याचे डोळे मागावे लागले, आणि हा बदल करण्यापूर्वी मला कोणी एका शब्दाने विचारले नव्हते.

बटनांना नावे असली, तरी मांडणी बदलली की हिशेब चुकतो. आम्ही माउस वापरत नाही. कोणती कळ किती वेळा दाबली की कुठे पोहोचतो, हे बोटांना पाठ झालेले असते आणि कामाचा वेग त्या पाठांतरातूनच येतो. विंडोज 11 मध्ये फाइलवर उघडणारा मेनू छोटा करण्यात आला आणि जुना, पूर्ण मेनू शिफ्ट आणि एफ 10 या कळांमागे गेला. डोळस माणसाला मेनू उघडताच 'आणखी पर्याय' ही ओळ दिसते. आम्हाला मात्र नेहमीचा पर्याय सापडत नाही म्हणून बाण दाबत पूर्ण यादी ऐकावी लागते, आणि तो काढून टाकला की दुसरीकडे हलवला, हे शोधावे लागते.

नोव्हेंबर 2017 मध्ये फायरफॉक्स 57 आले. ब्राउझरची आतली रचना आमूलाग्र बदलून त्याचा वेग वाढवण्यात आला होता आणि त्याचे सगळीकडे कौतुक झाले. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना मात्र ते संथ झाल्याचा अनुभव येत होता. तुम्ही तूर्त जुन्या, दीर्घ मुदतीच्या 52 क्रमांकाच्या आवृत्तीवर राहा, असा सल्ला खुद्द फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाकडून दिला गेला. सल्ला प्रामाणिक होता, हे मी मान्य करते. पण फायरफॉक्स मुळातच स्वतःला आपोआप अद्ययावत करणारे, त्यामुळे ज्यांच्यापर्यंत हा सल्ला वेळेवर पोहोचला नाही, त्यांना नवी आवृत्ती बसल्यानंतरच अडचण कळायची.

हे सारे टाळता येते, याचा पुरावा आमच्याच संगणकांवर आहे. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केला आणि पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले, दोघेही अंध. एनव्हीडीएची नवी आवृत्ती आली की ती आधी विचारते, तुमची कोणती अ‍ॅड-ऑन (वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम) तिच्यासोबत चालणार नाहीत ते सांगते, आणि अपडेट पुढे ढकलण्याचा पर्यायही देते. 2019.3 या आवृत्तीत तो पायथन 3 या प्रोग्रॅमिंग भाषेवर नेण्यात आला, तेव्हा असंख्य जुनी अ‍ॅड-ऑन निकामी झाली. पण वापरणाऱ्याला ते आधी कळत होते, आणि रोजच्या कामाचे अ‍ॅड-ऑन सुधारून येईपर्यंत जुन्या आवृत्तीवर थांबता येत होते. आवाज गेल्यावर काय होते हे ज्यांनी स्वतः सोसले आहे, त्यांनी ही रचना केली आहे, आणि माझ्या मते तिचा चांगुलपणा त्यातूनच आला आहे.

विंडोजचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. जुलै 2015 मध्ये विंडोज 10 आले, तेव्हा होम आवृत्ती वापरणाऱ्याला अपडेट थांबवण्याची सोयच नव्हती. 2016 च्या मे महिन्यात तर विंडोज 7 वापरणाऱ्यांना अशी चौकट दाखवली जात होती, की ती फुलीवर टिचकी मारून बंद केली, तरी विंडोज 10 बसवण्याचे ठरलेले वेळापत्रक कायम राहत असे. मे 2019 च्या अपडेटनंतर होमवाल्यांनाही 35 दिवसांपर्यंत थांबण्याची मुभा मिळाली. हा बदल चांगला झाला, पण मुदत संपली की पुन्हा तीच सक्ती असते. 35 दिवसांत आपल्या उपयोगाचा प्रोग्रॅम दुरुस्त होऊन येईल, याची हमी कोणी देत नाही.

अपडेट नकोतच, असे माझे म्हणणे अजिबात नाही. 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला, त्याच्या सुमारे दोन महिने आधी, 14 मार्चलाच मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती दिली होती. ती न घेतलेली यंत्रे बळी पडली. त्याच वर्षीपासून नॅरेटर हा विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर विंडोज बसवतानाही बोलू लागला, आणि त्यामुळे पूर्वी डोळस व्यक्तीवाचून अशक्य असलेले काम आम्ही एकट्याने करू लागलो. हे अपडेटांमुळेच झाले. माझा आक्षेप सुरक्षेची दुरुस्ती आणि रूपाचा बदल यांची एकच मोट बांधण्याला आहे. आवाज जाईल या धास्तीने अपडेटच बंद करून ठेवणारे अंध मित्र मला माहीत आहेत. त्यांचा संगणक बोलतो, पण तो असुरक्षित आहे, आणि बँकेचे व्यवहारही ते त्याच संगणकावरून करतात. सुरक्षितता आणि आवाज यांतले एकच निवडा, असे डोळस माणसाला कधीही सांगितले जात नाही.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला, आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप नसलेल्या जुन्या यंत्रांवर विंडोज 11 रीतसर चढत नाही. काटकसरीने घेतलेला जुना लॅपटॉप ज्यांना घडी बसवून चालवता येतो, त्यांना आता यंत्र, विंडोज आणि सवयी या तिन्ही गोष्टी एकदमच बदलाव्या लागत आहेत.

आपल्याकडे कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे, आणि 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 खालील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. ते प्रकरण केवायसीचे होते. पण कार्यालयांत मी जे पाहते ते असे, की सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांना ते वापरता येते का याची, तपासणी झालीच तर सॉफ्टवेअर विकत घेताना एकदा होते. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक आवृत्तीसाठी तो जुनाच दाखला चालवून घेतला जातो.

आमच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाकडे मी अर्ज दिला आहे. सर्व शाखांवर नवी आवृत्ती सोडण्याआधी ती काही मोजक्या कर्मचाऱ्यांना वापरून बघायला देतात. त्या गटात स्क्रीन रीडर वापरणारी किमान एक व्यक्ती असावी, तिने कळवलेली अडचण सुटेपर्यंत अंध कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर जुनी आवृत्ती राहू द्यावी, आणि बदलाची तारीख आठवडाभर आधी कळवावी, एवढीच मागणी त्यात आहे. ज्या कोणाच्या कार्यालयात असा गट असेल, त्यांनी त्यात कोण कोण आहे, हे जरूर विचारावे.