आईचा हात आणि ट्रिलियम

कॅनडातल्या मिसिसागाला ताईकडे पोचलो तेव्हा एप्रिल संपत आला होता, तरी झाडांवर पान नव्हतं. आईचा चेहरा पडला. "एवढ्या लांब येऊन हे खराटे बघायचे का?" ताई म्हणाली, "पंधरा दिवस थांब."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात हॅमिल्टनजवळच्या डंडस व्हॅलीत गेलो. वर मेपलला नुकती पोपटी पालवी फुटत होती आणि खाली उतारच्या उतार पांढरे. ट्रिलियम! सावली दाट व्हायच्या आत, ऊन जमिनीपर्यंत पोचतंय तोवर फुलून घ्यायचं, असा या फुलाचा हिशेब. दोन-तीन आठवड्यांत खेळ खलास.

आई वाटेच्या कडेला उकिडवी बसली. तीन पानं, त्यावर तीन हिरवी निदलं, वर तीन पाकळ्या.

"अगं, हा तर बेलच!" म्हणत तिचा हात पुढे गेलासुद्धा. सत्तर वर्षांची सवय, फूल दिसलं की परडी आठवायची.

"आई, नको! इथे कायदा आहे, दंड होतो," ताई ओरडली.

ही कायद्याची गोष्ट इथे, ओंटारिओ प्रांतात, जो तो सांगतो. खरं तर सगळीकडे लागू होणारा असा कायदा नाही. प्रांतिक उद्यानांत आणि आम्ही होतो तसल्या राखीव जंगलांत तोडायला बंदी आहे, एवढंच. पण मला ही अफवा आवडली. फुलाबरोबर खालची तीन पानं गेली, तर त्या रोपाकडे अन्न तयार करायला दुसरं पानच नसतं. जमिनीखालच्या कंदाची वर्षभर उपासमार, कधी रोपच जातं. शिवाय बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला सात ते दहा वर्षं. हे बी पेरतात मुंग्या. बीला एक तेलकट खाऊ चिकटलेला असतो, त्यासाठी त्या ते वारुळात ओढून नेतात, खाऊ संपवतात आणि बी टाकून देतात.

या फुलाचं सरकारी नशीब मात्र युद्धातून उघडलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात, परदेशात पडलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या कबरींवर लावायला एखादं राष्ट्रीय फूल असावं अशी चळवळ झाली. देशाचं फूल काही ठरलं नाही, पण त्यातूनच १९३७ मध्ये ओंटारिओने पांढरं ट्रिलियम आपलंसं केलं. इथल्या फ्रेंच भाषकांच्या हिरव्या-पांढऱ्या झेंड्यावरही ते आहे. सरकारी बोधचिन्हावर तर आहेच. २००६ मध्ये त्याचं नवं रूप आलं, तेव्हा लोक म्हणाले, ही तर गरम पाण्याच्या टबात बसलेली तीन माणसं! ताईने ते फोनवर दाखवलं. एकदा तसं दिसलं की फूल काही केल्या दिसत नाही.

पुढच्या वळणावर काही पाकळ्या गुलाबी झाल्या होत्या. पांढरं ट्रिलियम वय झालं की असं गुलाबी होतं, हे मी सांगितल्यावर आई आपल्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "आमचं उलटं."

परतताना एकच, गडद तांबडं ट्रिलियम दिसलं. आई गुडघ्यावर हात टेकून वास घ्यायला वाकली आणि झटक्यात मागे सरली. या जातीला कुजक्या मांसाचा वास येतो, त्यावर माश्या येतात आणि परागीभवन उरकतात.

"शी!" पदर नाकाला लावत आई म्हणाली, "हे कुणी आणून दिलं तरी देवाला वाहणार नाही."