अकरा रविवार, चार सामने

रविवारी पहाटे पाचला उठून मी आधी गॅलरीत जातो आणि हात बाहेर काढून बघतो. डोंबिवलीत पाऊस असला की सव्वापाचलाच फोन वाजायला लागतो. "सर, आज मॅच आहे ना?" माझं उत्तर ठरलेलं असतं. "आहे. मैदानावर या."

कांगा लीग या मुंबईतल्या पावसाळी क्रिकेट स्पर्धेच्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळणाऱ्या एका छोट्या क्लबचा मी सेक्रेटरी आहे. आझाद मैदानावर दुसऱ्या एका क्लबच्या तंबूत त्यांनी दिलेला कोपरा, दोन किटबॅगा, एक पत्र्याची पेटी आणि बावीस-तेवीस पोरं, एवढा आमचा संसार. पोरं कळवा, कल्याण, विरार, पनवेल अशी चारी दिशांना पांगलेली. एकजण भिवंडीच्या गोदामात रात्रपाळी करतो आणि तिथूनच थेट येतो.

डोंबिवलीत धो धो कोसळत असताना आझाद मैदानाजवळ फोर्टात लख्ख ऊन असू शकतं, हे मुंबईत क्लब चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. म्हणून खिडकीतलं आभाळ बघून घरी बसता येत नाही. नऊ-साडेनऊला पंच आले, विकेट, म्हणजे खेळपट्टी, खेळण्याजोगी निघाली आणि आपली सातच पोरं हजर असली, तर समोरच्या संघाला काय तोंड दाखवायचं? त्यामुळे सामना होवो न होवो, अकरा जणांनी पोचायचंच. सामना झाला नाही की तीच पोरं भिजलेल्या बॅगा घेऊन परत निघतात आणि वाटेत दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवणारा रविवारचा मेगाब्लॉक त्यांची वाट बघत असतो.

पावसावर माझा राग नाही. ही स्पर्धाच पावसातली आहे. 1948 साली सुरू झालेली ही लीग डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने चालते. ते पारशी डॉक्टर आणि खेळाडू, 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या संघात होते. इथे विकेट झाकत नाहीत. ओल्या विकेटवर चेंडू कधी बसतो, कधी छातीवर येतो. विकेटबाहेरच्या आऊटफिल्डमध्ये गवत एवढं माजलेलं असतं की जमिनीलगत मारलेला कितीही सुंदर ड्राइव्ह तीस पावलांवर मरतो. धावा हव्या असतील तर उचलून मारावं लागतं आणि उचलून मारलं की झेल जातो. शंभरच्या आत दोन्ही संघ गुंडाळले जाणं इथे रोजचं. ज्याने या विकेटवर तीस धावा काढल्या त्याचं तंत्र पक्कं, असं मी आजही मानतो.

यंदा मात्र पावसाने खेळूच दिलं नाही. शुक्रवारी रात्री सुरू व्हायचा, शनिवारभर कोसळायचा आणि रविवारी सकाळी उघडीप द्यायची, तेव्हा मैदानाचं तळं झालेलं. अकरा रविवार आम्ही गेलो. त्यात नाणेफेक झाली चार वेळा आणि निकाल लागला एकाच सामन्याचा.

अशा सकाळी सगळी भिस्त माळीमामांवर. ते जौनपूरकडचे, आयुष्य याच मैदानावर गेलेलं. विकेटजवळ पाणी साचलं की ते गोणपाट पसरतात, त्यावर अनवाणी उभे राहून हळूहळू पाय दाबतात. गोणपाट फुगतं, काळं होतं. मग दोघं मिळून ते बादलीवर पिळतात, पुन्हा पसरतात. तासभर हेच. आमची पोरंही हातभार लावतात. शेवटी मामा गुडलेंथवर, म्हणजे चांगला चेंडू टप्पा घेतो त्या जागी, अंगठा रुतवतात आणि नखाला चिकटलेली माती बघतात. माती लोण्यासारखी चिकटली तर मान हलवतात. कोरडी सुटली तर म्हणतात, "एक घंटा धूप मिल जाए, फिर खेल लो साब." तो एक तास उन्हाचा मिळावा म्हणून मी किती रविवार आभाळाकडे बघत उभा राहिलोय.

उरलेली कामं घरी. ओल्या पॅडमध्ये वर्तमानपत्रं कोंबून ते पंख्याखाली ठेवायचे, नाहीतर चार दिवसांत हिरवी बुरशी चढते. ग्लोव्ह्ज दोरीवर. बॅटचा खालचा भाग पाणी पिऊन फुगला की ती गेलीच, म्हणून त्याला आधी मेण लावायचं. सोमवार-मंगळवार आमच्या हॉलमध्ये चामड्याचा कुबट वास असतो आणि बायको न बोलता उदबत्ती लावते. तिच्या या सोसण्यावर क्लबचा निम्मा गाडा चाललाय, हे मला इथे लिहायचंच होतं.

स्कोअरबुकं माझ्याकडे 2005 साली आली. आधीचे सेक्रेटरी कलिन्याला तळमजल्यावर राहायचे. 26 जुलैला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यांच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं आणि क्लबची सगळी वह्या-पुस्तकं त्यात गेली. लोकल सुरू झाल्यावर मी तिकडे गेलो. एकेक पान सोडवून आम्ही दोरीवर वाळत घातलं. शाईने लिहिलेले सामने पुसून निळे ढग झाले होते. पेन्सिलीने लिहिलेले मात्र जसेच्या तसे होते, कुणाच्या दोन धावा, कुणाचा भोपळा, सगळं. तेव्हापासून आमचे स्कोअरर काका पेन्सिलच वापरतात.

यंदा मला सगळ्यात जास्त काळजी होती एका पोराची. सोळा वर्षांचा, कळव्याचा, डावखुरा स्पिनर. वडील रिक्षा चालवतात. आई दर शनिवारी त्याचे पांढरे कपडे धुऊन इस्त्री करून ठेवते. पहिले सात रविवार तो ते कपडे घालून आला आणि तसेच स्वच्छ घेऊन परत गेला. आठव्या आठवड्यात आईचा फोन. "सर, रागावू नका, पण त्याला एकदा तरी खेळायला मिळेल ना? दहावीनंतर त्याने क्लास सोडला यासाठी." मी म्हटलं, "ताई, पाऊस थांबला की खेळेल." ते सांगताना माझा घसा दाटून आला, कारण याच वयाची तीन पोरं असल्याच एका हंगामानंतर परत न आलेली मी पाहिली आहेत.

त्या रविवारी परतीच्या गाडीत मी त्याला मुंबईचे डावखुरे स्पिनर पद्माकर शिवलकर यांच्याबद्दल सांगितलं. शाळेत असताना मी त्यांना शिवाजी पार्कवर टाकताना बघायचो. 589 प्रथम श्रेणी बळी आणि एकही कसोटी नाही. तरीही रविवार आला की शिवाजी पार्क जिमखान्यासाठी मैदानावर. पोरगा डब्याच्या दारातून बाहेर बघत ऐकत होता. ठाण्याजवळ त्याने विचारलं, "सर, ते टप्पा कुठे टाकायचे ओल्या विकेटवर?" तेव्हा मला कळलं, हा पुढच्या रविवारी येणार.

आला. नवव्या रविवारी साडेबाराला खेळ सुरू झाला. आम्ही नाणेफेक जिंकून अर्थातच क्षेत्ररक्षण घेतलं. त्याचा दुसराच चेंडू. जरा जास्त उंची दिलेला, मधल्या-लेग स्टंपवर पडला आणि मातीचा एक तुकडा उडवून वळला. चांगला सेट झालेला फलंदाज पुढे आला होता. चेंडू बॅटच्या खांद्याला लागून अगदी जवळ उभ्या सिली पॉइंटच्या फील्डरच्या हातात. पोरगा ओरडला नाही, उडी मारली नाही. तो नुसता विकेटवर पडलेल्या त्या खळग्याकडे बघत राहिला. चार बळी मिळाले त्याला. समोरचा संघ 64 वर संपला.

आमच्या 41 धावा झाल्या होत्या, सहा बाद, तेव्हा पूर्वेकडून पाऊस आला आणि परत गेलाच नाही. साडेचारला पंचांनी बेल्स उचलून खेळ थांबवला. काकांनी छत्रीखाली पेन्सिलीने पान पुरं केलं आणि त्याच्या नावापुढचे चार बळी पुन्हा एकदा मोजले.

संध्याकाळी सातला त्याच्या आईचा फोन आला. आवाजात हसू होतं. पँट गुडघ्यापर्यंत लाल झाली होती आणि हा डाग कशाने जातो, असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, "ताई, गरम पाण्यात घालू नका, डाग बसतो. रात्रभर साध्या गार पाण्यात भिजत ठेवा."