दापोली-गुहागर-गणपतीपुळे: पेट्रोल वाचवून केलेली कोकण ट्रिप

पेट्रोल शंभरीच्या वर गेल्यापासून आमच्या घरात दर सुट्टीला तोच वाद, नवरा म्हणणार यंदा राहू दे आणि मुलीला तर समुद्र हवाच. मग ठरवलं की फिरणं कमी नाही करायचं, रोजचं जाळणं कमी करायचं. नवरा ऑफिसला मेट्रोने जायला लागला, भाजी-दळण पायी, आणि त्यातून वाचलेले पैसे वेगळ्या पाकिटात. त्या पाकिटावर पुण्याहून ताम्हिणीमार्गे दापोली, पुढे गुहागर आणि गणपतीपुळे केलं. सासूबाईपण होत्या बरोबर.

आता जे जाणारेत त्यांच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जंगल जेट्टी, म्हणजे खाडीपलीकडे माणसांबरोबर गाड्याही नेणारी फेरीबोट. दापोलीहून गुहागरला खेड-चिपळूणवरून गेलात तर 100 किमीच्या आसपास पडतं, दाभोळ-धोपावे फेरीने त्याच्या निम्म्यातच काम होतं. खरं सांगायचं तर या टप्प्यात गाडीचं आणि माणसांचं तिकीट वजा केलं की पैसे फार वाचत नाहीत, वेळ आणि घाटाची वळणं मात्र नक्की वाचतात. खरी बचत पुढच्या टप्प्यात आहे. गुहागरहून गणपतीपुळ्याला परत चिपळूणला येऊन हायवेने निवळी फाट्यावरून गेलं तर दीडशेच्या घरात जातं, आणि वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला येऊन जयगडची फेरी धरली की 60-65 मध्ये पोचतो, शिवाय दोन्ही देवळं वाटेतच होतात. फेरीवर तिथला माणूस सांगेल तशी गाडी लावायची, हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये ठेवायची आणि खाली उतरायचं. सासूबाई शास्त्री नदीच्या तोंडाशी कठड्याला धरून उभ्या होत्या, खारा वारा तोंडावर, एका हाताने पदर सावरतायत आणि म्हणतात, "अगं, हे तर गाडीत बसून दिसलंच नसतं." शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशी फोन करून विचाराच, रविवारी संध्याकाळी गाड्यांची रांग असते आणि पावसाळ्यात हवा खराब असली तर बंदही ठेवतात.

गाडीचं म्हणाल तर निघायच्या आधी टायर थंड असताना हवा चेक करा, टपावर कॅरिअर लावून सामान चढवू नका, त्याने ॲव्हरेज पडतं. आणि कृपा करून घाट उतरताना न्यूट्रल करू नका, ब्रेक तापतात आणि आताच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की तसंही पेट्रोल घेत नाहीत, म्हणजे बचत तर शून्यच आणि जीव धोक्यात. टाकी दापोलीतच फुल करा.

रोज हॉटेल बदलू नका. आम्ही गुहागरला मुक्काम लांबवला, गाडी उभीच, किनारा आणि व्याडेश्वराचं देऊळ सगळं पायी.

दोघी-तिघी बायकाच जाणार असाल तर गाडी काढूच नका, एसटीत 2023 पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे आणि 75 च्या पुढच्यांना तर फुकट, फक्त त्यांचं आधार कार्ड बरोबर ठेवा.