मूल होण्याआधी मला बरं व्हायचं होतं

मूल व्हावं म्हणून उपचार चालू होते. सोनोग्राफीत फॉलिकल (अंडाशयातली बीजाची पिशवी) १८ मि.मी.च्या पुढे गेलं की बीज सुटण्यासाठी ट्रिगरचं इंजेक्शन मिळायचं आणि फाईलवर लिहून यायचं, 'आज आणि उद्या संबंध ठेवा.' घरी येऊन भाकऱ्या करायच्या, सासूबाईंच्या गोळ्या काढून द्यायच्या आणि रात्री नवऱ्याजवळ 'ड्युटी'वर हजर व्हायचं. आधी इच्छा आटली, मग दुखायला लागलं, मग त्या रात्रींची धास्तीच बसली. पाळी आली की नळ सोडून रडायचे. क्लिनिकमध्ये पाळीची तारीख दर वेळी विचारायचे. झोप लागते का, हे कुणीच नाही.

तिथल्याच एका सिस्टरनी एकदा सांगितलं, "ताई, मनाच्या डॉक्टरांना दाखवून या."

त्या मॅडमनी आधी पीएचक्यू-९ हा उदासी मोजायचा फॉर्म भरून घेतला. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा, तिथे पेन अडलं. ते बघून त्यांनी फाईलवर टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहिला. तिथे रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं. थायरॉइड कमी असलं तर उदासी, पाळीची गडबड आणि इच्छा नसणं, तिन्ही होऊ शकतं, म्हणून तोही रिपोर्ट पाहिला. नॉर्मल होता. मग सर्ट्रालिन ही उदासीवरची गोळी सुरू केली. "दिवस राहिले तर?" हा माझा पहिला प्रश्न. "मला कळवायचं, गोळी मनाने बंद करायची नाही." या गोळीने इच्छा आणखी कमी होऊ शकते, हेही त्यांनी आधीच सांगितलं. बरं झालं, नाहीतर मी गोळी सोडूनच दिली असती. फरक पडायला काही आठवडे लागले.

दुखत होतं ते भीतीने स्नायू आवळत असल्यामुळे. फिजिओथेरपिस्टने श्वास सोडत ते सैल करायला शिकवलं. संबंधाच्या वेळी वापरायचं जेलही विचारून घेतलं, कारण काही जेल शुक्राणूंना मारक असतात.

पण खरा गुण आला तो नवऱ्याला बोलावल्यावर. काही आठवडे संबंध पूर्ण बंद. नुसता स्पर्श, तोही आधी पाठ, हात, केस एवढाच. १९७० साली मास्टर्स आणि जॉन्सन यांनी मांडलेली ही पद्धत. नवरा म्हणाला, "म्हणजे हा महिना वाया?" मॅडम म्हणाल्या, "हो, घालवा." आम्ही दोघंही हसलो. कितीतरी दिवसांनी.

आता आययूआय, म्हणजे दवाखान्यात नळीने शुक्राणू गर्भाशयात सोडतात ते, करायचं ठरवलंय. मूल दवाखान्यात, जवळीक घरात, अशी वाटणीच केली आहे. गोळी चालू आहे. पुढचं दिवाळीनंतर बघू.