पाच खिंडी, चौदा दिवस : मनाली ते लेह, सायकलवर एकटी

जिस्पाहून निघून त्याच दिवशी झिंगझिंगबारला मुक्काम करू नका. या लेखातलं बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं मात्र लक्षात ठेवा. जिस्पा ३,२०० मीटरवर आहे आणि झिंगझिंगबार ४,२७० च्या आसपास. त्या दिवशी पाय छान चालत होते, म्हणून मी पुढे जात राहिले. रात्री दोन वाजता ढाब्याच्या तंबूबाहेर एका दगडाला धरून ओकत उभी होते.

त्या रात्रीविषयी पुढे लिहिते. आधी तयारीविषयी सांगते, कारण मला सर्वांत जास्त प्रश्न त्याबद्दलच येतात.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि नोकरी वागळे इस्टेटमध्ये. वय एकेचाळीस. चार महिने दर शनिवारी पहाटे उपवनहून येऊरचा चढ चढत होते, दोन्ही पॅनिअरमध्ये (चाकाच्या बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत) सहा-सहा किलो तांदूळ भरून. रिकाम्या सायकलवर कितीही घाट केले तरी भरलेल्या सायकलचा तोल वेगळाच असतो. चढापेक्षा उतारावर तो जास्त कळतो, मागचं ओझं सायकलला ढकलत राहतं. जूनच्या पहिल्या पावसात माळशेज केला, नंतर एकदा कसारा घाट चढून इगतपुरीला मुक्काम करून परत आले. यातून बसायची सवय झाली, पावसाळी कपड्यांची परीक्षा झाली आणि अंधारातही हात पंक्चर काढू लागले. उंचीची तयारी मात्र यातल्या कशानेही होत नाही. आपलं ठाणं खाडीच्या काठावरचं, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. विरळ हवेची सवय शरीराला तिथे जाऊनच लागते, तीही त्याच्या वेगाने. दमदार माणसाला ती लवकर लागते असंही नाही. उलट दमदार माणूस भराभर वर जातो आणि त्रासात सापडतो. माझं तेच झालं.

सायकलबद्दल एकच आग्रह धरते : सर्वांत हलका गिअर खरोखर हलका हवा. माझ्या सायकलला पुढची लहान चकती २२ दातांची आणि मागची मोठी ३४ ची होती. तांगलांग लाच्या ('ला' म्हणजे खिंड) चढावर त्याहून एक दातही जड चालला नसता. सामान सतरा किलो, पाणी धरून वीसच्या वर.

वांद्रे टर्मिनसहून सायकल पार्सल करून दिल्लीला नेली. पार्सल ऑफिसात दोन-अडीच तास आधी पोचा. पेडलं काढा, डिरेलरभोवती (गिअर बदलणाऱ्या मागच्या भागाभोवती) जुनी चादर घट्ट गुंडाळा आणि नाव-फोन लिहिलेली दोन लेबलं बांधा. दिल्लीहून मनालीला बसच्या डिकीतून. मनालीत दोन रात्री थांबले. ती सुट्टी वाया गेली असं वाटू देऊ नका.

दहीहंडी झाली आणि मी निघाले. ऑगस्टअखेर हा माझ्या मते या रस्त्यासाठी चांगला काळ आहे. मनालीच्या बाजूला पाऊस असतो, पण पीर पंजालची डोंगररांग ओलांडली की पलीकडचं लाहौल पर्जन्यछायेत येतं. वितळत्या बर्फाने फुगणारे नालेही जुलैपेक्षा उतरलेले असतात.

आता रोहतांग खिंडीचा प्रश्न. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला, लांबी ९.०२ किलोमीटर, आणि लेहच्या बहुतेक गाड्या आता तिथूनच जातात. सायकल पिकअपमध्ये टाकून बोगद्यातून पलीकडे जाता येईल, दोन दिवसही वाचतील. तरी माझा सल्ला रोहतांगवरूनच जाण्याचा. पहिली रात्र मढीला ३,३०० मीटरवर, दुसऱ्या दिवशी ३,९७८ मीटरची खिंड ओलांडून संध्याकाळी सिस्सूला ३,१२० मीटरवर. उंच चढायचं आणि खाली येऊन झोपायचं, यासारखं शरीराला दुसरं शिक्षण नाही. शिवाय खिंडीपलीकडे ग्राम्फूच्या उतारावर तासभर मला मोजक्याच गाड्या भेटल्या. मनालीकडच्या चढावर मात्र चिखल होता, आणि त्या चिखलाने माझे मागचे ब्रेक पॅड निम्मे खाल्ले. ते तेव्हाच बघायला हवे होते.

तिसऱ्या दिवशी तांदी. इथे चंद्रा आणि भागा या दोन नद्या मिळतात आणि चंद्रभागा होते, तीच पुढे चिनाब. पुलावर उभी राहून आईला फोन लावला. म्हटलं, "आई, चंद्रभागेवर आहे." ती म्हणाली, "अगं, लेहला निघाली होतीस ना, पंढरपूरला कशी पोचलीस?" मग मी तिला पाण्याचा आवाज ऐकवला. ती आषाढीला जाते, तिच्यासाठी त्या नावाचं मोल वेगळं आहे. फोन बंद केल्यावर बराच वेळ मी तिथेच थांबले होते.

केलाँगला पैसे काढून घ्या आणि औषधं पूर्ण करा. पुढे थेट लेहपर्यंत भरवशाचं काही नाही. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. हे ठाण्यातून निघण्याआधीच बदलून घ्यायचं काम आहे. जिस्पानंतर माझा फोन मुका झाला तो थेट उपशीला बोलला. घरी आधीच सांगून ठेवा की आठ-दहा दिवस काही कळणार नाही, म्हणजे घरची माणसं आणि तुम्ही, दोघंही शांत राहाल.

आता ती रात्र. दुपारी झिंगझिंगबारला पोचले तेव्हा फक्त डोकं जड होतं. उन्हाने असेल म्हणून चहा प्यायले. संध्याकाळी राजमा-चावल समोर आले आणि घास गिळवेना. दिवसभरात लघवी दोनदाच झाली होती, तीही गडद. झोप लागली की श्वास अडकून जाग यायची. दोन वाजता उलटी झाली. ढाब्याच्या भाऊंनी उठून गरम पाणी दिलं, माझ्याशी पाच मिनिटं बोलत बसले आणि म्हणाले, "दीदी, सुबह ऊपर नहीं, नीचे." ते बोलत का बसले हे मला नंतर समजलं : माझं बोलणं सरळ येतं का, हे ते बघत होते.

उजेड होताच खाली वळले. पटसेओला, ३,८०० मीटरच्या आसपास, पोचेपर्यंत डोक्यावरचा दगड अर्धा उतरला होता. तिथे तंबू लावून दोन रात्री राहिले. पुस्तक वाचलं, चेन साफ केली, भागेच्या काठी बसून राहिले. पहिल्या दिवशी हरल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी भूक लागली, आणि भूक परत आल्याचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता. तिसऱ्या दिवशी पुन्हा झिंगझिंगबारला मुक्काम केला आणि त्याच तंबूत पोटभर जेवले.

म्हणून सांगते : ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक पूर्ण विश्रांती घ्या. या रस्त्यावर मुक्कामाच्या जागा ठरलेल्या असल्याने हिशेब नेमका जुळत नाही, तेव्हा तंबू जवळ हवा, म्हणजे मधेच कुठेही थांबता येतं. जिस्पा-पटसेओ-झिंगझिंगबार-सरचू असे टप्पे करा. पटसेओला दोन रात्री झाल्या तर उत्तम. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ती जरूर सांगा, आणि गोळी घेतली म्हणून टप्पे वाढवू नका. नुसतं बसलेलं असताना धाप, ओला खोकला, चालताना तोल जाणं किंवा असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. मिळेल त्या ट्रकने, सायकल तिथेच टाकून, खाली.

बारालाचा ला ४,८९० मीटर. झिंगझिंगबारहून पहाटे साडेपाचला निघाले, कारण रस्त्यावरून वाहणारे नाले सकाळी घोट्याइतके असतात आणि दुपारी, बर्फ वितळल्यावर, गुडघ्यापर्यंत चढतात. त्यासाठी वेगळी सँडल बाळगा, ओले बूट तिथे लवकर वाळत नाहीत. सूरजताल डाव्या हाताला आला तेव्हा पाण्यावर अजून ऊन पडलं नव्हतं.

सरचूपासून पुढे खरं वाळवंट. ठाण्यात पावसाळ्यातल्या एखाद्या जोरदार दिवशी जेवढा पाऊस पडतो, तेवढा, म्हणजे शंभर मिलिमीटरच्या आसपास, लेहला अख्ख्या वर्षात पडतो. याचा सायकलवाल्याला अर्थ असा की घाम दिसतच नाही. येऊर चढताना कपाळावरून धारा लागतात आणि आपण आपोआप पाणी पितो. इथे घाम फुटण्याआधीच उडून जातो, टी-शर्टवर फक्त मिठाची पांढरी नक्षी उरते. तहानेवर विसंबू नका. मी दर वीस मिनिटांनी घोट घेत होते, दिवसाला साडेचार लिटर. आमसुलाची पूड, साखर आणि सैंधव घरून मिसळून नेलं होतं, ते रोज दोन बाटल्यांत. तोंडाला चव नसताना तेच आंबट पाणी पोटात गेलं.

नकी ला या खिंडीकडे चढणारी गाटा लूप्सची एकवीस वळणं लोक उगाच भयंकर करून सांगतात. चढ एकसारखा आहे, हलक्या गिअरवर बसून राहिलं की होतो. मला कठीण गेला तो त्यानंतरचा दिवस : व्हिस्की नाल्याहून ५,०६० मीटरच्या लाचुलुंग लाला चढून पांगपर्यंतचा खडबडीत उतार. मनगटं रात्रभर ठणकत होती.

पांगच्या ढाब्यात आमा-लेंनी (लडाखीत आईला असं आदराने म्हणतात) मला चुलीजवळची गादी दिली. डाळ कुकरमध्येच शिजत होती. या उंचीवर पाणी ८४-८५ अंशांनाच उकळतं, उघड्या भांड्यात डाळ शिजतच नाही. त्यांनी भाजलेल्या जवाचं पीठ लोणी-चहात कालवून दिलं. घास तोंडात गेला आणि आजीच्या हातचं सातूचं पीठ आठवलं, फक्त गुळाऐवजी मीठ. शेजारच्या तंबूत साताऱ्याकडचा एक जवान चहा पीत होता. माझ्या बाटलीवरचं मराठी वाचून म्हणाला, "ताई, मोरे मैदानावर वारा दुपारी सुटतो, सहाला निघा." मी साडेपाचला निघाले.

त्या तासांसाठी मी हा सगळा प्रवास पुन्हा करीन. पांगवरची चढण संपते आणि साडेचार हजार मीटरच्या वर चाळीसेक किलोमीटरचं सपाट मोरे मैदान उघडतं. रस्ता गुळगुळीत, वारा नाही, स्वतःच्या चेनचा आवाज. दूरवर कियांगांचा, म्हणजे तिथल्या रानगाढवांचा कळप, त्यांच्या पलीकडे चांगपा या भटक्या पशुपालकांची काळी राहुटी. अकरा वाजता वारा आला, समोरून, आणि शेवटच्या नऊ किलोमीटरला अडीच तास लागले. सहाला निघा म्हणणाऱ्याचं ऐका.

बायकांसाठी वेगळं. मोऱ्यावर आडोसा नाही, एक झाडसुद्धा नाही. मी पातळ शाल कमरेला बांधून रस्त्याकडे पाठ करून बसत होते, दुसरा उपाय नाही. लाजून पाणी कमी पिणं हाच तिथे सर्वांत मोठा धोका आहे. पाळी तारखेआधी आली, उंचीवर असं होऊ शकतं, तेव्हा कप किंवा पॅड पहिल्या दिवसापासून हाताशी ठेवा. ढाब्यात शिरल्यावर आधी घरातल्या बाईशी बोलायचं आणि झोपायची जागा तिला विचारायची. चौदा रात्रींत मला एकदाही असुरक्षित वाटलं नाही. रस्ता बांधणारे, झारखंडमधल्या दुमक्याकडून आलेले मजूर आणि मजुरणी डांबराच्या धुरात उभे राहून हात करत होते. त्यांच्याजवळ थांबून चार शब्द बोला. हा रस्ता त्यांच्या हातांचा आहे.

थंडीत फोन आणि पॉवर बँक पाहता पाहता उतरतात, रात्री दोन्ही स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. पाण्याची एक बाटलीही, नाहीतर सकाळी बर्फ. ओठांना सनस्क्रीन असलेला बाम हवा, माझे चौथ्या दिवशीच फुटले होते.

तांगलांग ला ५,३२८ मीटर, हवेचा दाब ठाण्याच्या निम्म्याहून जेमतेम जास्त. शंभर पेडलं, मग थांबून वीस श्वास, असं मोजत चढले. पलीकडे रुमत्सेला जवाची पिवळी शेतं दिसली आणि डोळ्यांना रंगाची सवय परत करावी लागली. दुसऱ्या दिवशी उपशीला सिंधू, फोनला आवाज, आणि सूर्य कलताना लेह.

ब्रेक पॅडचं राहिलं. डेब्रिंगला मुक्कामाला मी मागचं चाक काढून बघितलं तर पॅडचा धातू दिसत होता, आणि उद्या तांगलांगचा तीसेक किलोमीटरचा उतार. माझ्याकडचे जादा पॅड दुसऱ्या मापाचे निघाले. दुकानात मागून घेतले होते, ठाण्यात एकदा बसवून बघितले नव्हते. तुम्ही बघा. ढाब्याच्या ताईंनी चुलीमागच्या फळीवरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. येणारेजाणारे सायकलवाले उरलेलं सामान त्यात ठेवून जातात : ट्यूबा, चेनच्या कड्या, स्पोक, एक परदेशी पंप. तळाशी माझ्या मापाचे पॅड होते, अर्धे वापरलेले. मी ते बसवले आणि माझे नवे कोरे, मला न बसणारे, एका ट्यूबसकट डब्यात ठेवले. सीझन संपला की तंबू उतरतो आणि डबा ताईंबरोबर गावी जातो, जूनमध्ये पुन्हा फळीवर येतो. जाल तेव्हा विचारा.