अंगणात दोन चंद्र

सातारा जिल्ह्यातल्या एका वाडीत गोंधळाचे फोटो काढायला गेलो होतो. ओळखीतून आलेलं काम, लग्नानंतरचा घरचा गोंधळ, रात्रभर चालणार. पुण्याहून बाईकने निघालो, एम सिक्स पाठीवरच्या सॅकमध्ये कपड्यांत गुंडाळलेली आणि एम नाइन हाताशी असावी म्हणून टँक बॅगेत. दोन्ही लायका कॅमेरे, एक फिल्मवाली एक डिजिटल, लेन्स दोन्हीला चालतात. व्हॉइग्टलेंडरची ५० एमएम नॉक्टन लेन्स, एफ १.१ (हा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते), ती नाइनवर लावली आणि सिक्सवर ३५ एमएम एफ १.४, आत एचपी फाइव्ह फिल्म, १६०० ला पुश करायच्या हिशोबाने, म्हणजे कमी उजेडात मारायची आणि धुताना जास्त वेळ द्यायचा.

गोंधळ्यांच्या नाईकांनी आधीच सांगितलं, "दादा ती चमकणारी लाइट नका मारू, हातात दिवटी असती, डोळ्यापुढं अंधारी आली तर कुणाला तरी चटका बसायचा." म्हटलं नाही मारत, लाइट आणलीच नाहीये. अंगणात चौक मांडला, घरातले दिवे बंद केले, संबळ सुरू झाला आणि तुळजापूर, कोल्हापूर, जेजुरी असं करत एकेका देवाला बोलावणं चालू झालं. उजेड काय तो दिवटीचा. आयएसओ १६००, शटर १/६०, लेन्स पूर्ण उघडी. एफ १.१ ला दीड मीटरवर फोकसमध्ये साधारण तीन बोटांएवढीच जागा येते, एक मीटरवर जेमतेम इंचभर, म्हणजे माणूस नुसता झुलला तरी गेला फोटो. पण नाईकांच्या गळ्यात कवड्यांची माळ होती, पांढऱ्या कवडीवरची ती उभी चीर, रेंजफाइंडरच्या पॅचमध्ये (खिडकीच्या मधल्या चौकोनात दोन प्रतिमा जुळल्या की फोकस झाला) दोन प्रतिमा एकावर एक बसवायला याच्यापेक्षा भारी गोष्ट अंधारात मिळणार नाही. मी खुशीत शंभरेक फोटो मारले.

मग चहाला थांबले तेव्हा स्क्रीनवर झूम करून बघितलं. नाइनची स्क्रीन म्हणजे आनंदच आहे, त्यावर सगळंच बरं दिसतं, पण पूर्ण झूम केल्यावर कळलं की साथीदाराच्या हातातल्या तुणतुण्याची तार कशी अगदी केस मोजावा तशी आणि मागे त्याचा चेहरा मात्र लोणी. पुढचा फोटो, तेच. नाईकांच्या फोटोत संबळाच्या कडेचं हळदकुंकू कणन् कण दिसतंय, डोळे गायब. एकदोन असते तर माझा हात म्हटलं असतं, पण सगळेच फोटो पुढेच चुकलेले.

रेंजफाइंडरची गोम हीच आहे, तुम्ही लेन्समधून बघतच नसता. बाजूच्या खिडकीतून बघता, तिथे सगळं कायम शार्प दिसतं, आणि लेन्स मागेपुढे झाली की आत एक छोटं चाक दांडा हलवतं त्यावर तुमचा सगळा विश्वास. नाइनला लाइव्ह व्ह्यूपण नाही, म्हणजे लेन्सला काय दिसतंय ते स्क्रीनवर बघायची सोय नाही. मित्र म्हणतातच मिररलेस कॅमेरा घे म्हणून, डोळा स्वतः शोधतं ते, खरंय त्यांचं, पण फ्रेमच्या बाहेरून येणारी दिवटी आधी दिसते ना ती मला सोडवत नाही.

तर लेन्स बिघडली का बॉडी? वर चंद्र होता. लेन्स इन्फिनिटीला, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसला टेकवली आणि चंद्राकडे बघितलं तर दोन चंद्र, शेजारी शेजारी. रिंग किंचित मागे घेतली तेव्हा एक झाले. तीच लेन्स सिक्सवर लावली, इन्फिनिटीला टेकवली, एकच चंद्र, चोख. म्हणजे बॉडीचंच अलाइनमेंट गेलंय. ओट्यावर बसलेल्या आजी मगापासून बघत होत्या, म्हणाल्या, "चंद्राचं काय मोजतुयास रं?" मी म्हटलं आजी, दोन दिसतायत. त्यांनी सुनेला हाक मारून माझा चहा काढून घ्यायला सांगितला.

चंद्र इन्फिनिटीच्या अलीकडेच जुळतोय म्हणजे फोकस पुढे पडणार, हिशोब सरळ होता. आतल्या त्या चाकाला २ एमएमचा ॲलन की लागतो, जवळ नव्हता आणि असता तरी रात्री दोनला दिवटीच्या उजेडात मी तिथे हात घातला नसता. नॉक्टन सिक्सवरच ठेवली, सतरा फ्रेम उरल्या होत्या आणि एक रोल. त्या जपून मारल्या. नाइनवर ३५ लावून एफ ४ ला दोन मीटरवर झोन फोकस, म्हणजे अंतर आधीच ठरवून, शटर १/१५, हललेले तर हललेले, दिवटीच्या रेघा छान आल्या उलट.

तीन दिवसांनी फिल्म धुतली. एकाच फ्रेममध्ये नाईकांचे डोळे, दिवटी आणि घाम असं सगळं आलंय, बाकी ठीकठाक. घरच्यांनी मात्र अल्बमच्या पहिल्या पानाला तो संबळाच्या कडेवरचा हळदकुंकवाचा फोटो घेतला, मला विचारत होते एवढं बारीक कसं टिपलंत. मी काही बोललो नाही.

नाइन मेकॅनिककडे नेली. त्यांनी माउंटमध्ये, म्हणजे लेन्स बसते त्या तोंडात बॅटरी मारून बघितलं, की घालून केसभर फिरवलं, समोरच्या लांबच्या टॉवरवर तपासलं, आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "बाईकच्या टाकीवर ठेवून हिंडता का हो?"

मी म्हटलं छे, कधीतरी.