नायलॉनच्या तारांवर विली नेल्सन : पाचव्या महिन्याची नोंद

मंडळी, विली नेल्सनचं 'क्रेझी' हे गाणं आता सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता वाजतंय. करंगळी अजून दुखते, मधली डिमिनिश्ड कॉर्ड (कानाला अस्थिर वाटणारा स्वरांचा गुच्छ) निम्म्या वेळा दबकी लागते, पण गाणं पूर्ण होतं. चार महिन्यांपूर्वी मला हे जमेल असं वाटत नव्हतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. विली नेल्सन या अमेरिकन कंट्री (तिथल्या ग्रामीण ढंगाच्या संगीतातल्या) गायक-गीतकाराची गाणी मी साधारण त्याच्या कारकिर्दीच्या क्रमाने बसवते आहे. माझी गिटार साधी, नायलॉन तारांची क्लासिकल आहे आणि ती मी त्याच्यासारखी पिकने (तारा छेडायच्या छोट्या चकतीने) वाजवायला शिकते आहे. पहिले दोन महिने मी मिळेल ते गाणं उचलत होते आणि प्रत्येक ठिकाणी एकाच गोष्टीला अडत होते: कॉर्ड बरोबर, सूर बरोबर, तरी ते 'त्याचं' वाटत नव्हतं. त्याचा शब्द ठेक्याच्या मागेपुढे पडतो, ओळ संपायच्या सुमाराला कुठेतरी भेटतो. ही सवय कुठून आली आणि तिच्यापायी त्याला किती वर्षं थांबावं लागलं, हे क्रमाने ऐकायला लागल्यावर कळलं.

तर सुरुवात टेक्ससमधल्या ह्यूस्टन शहरापासून. १९३३ साली टेक्ससमधल्या ॲबट नावाच्या छोट्या गावात जन्मलेला, आजी-आजोबांनी वाढवलेला हा माणूस पंचविशीत तिथे रेडिओवर निवेदन करत होता, दारोदार बायबल आणि विश्वकोश विकत होता आणि रात्री बारमध्ये गात होता. याच काळात त्याने 'फॅमिली बायबल' हे गाणं ५० डॉलरला विकलं. १९६० मध्ये क्लॉड ग्रेच्या आवाजात ते गाजलं, पण गीतकार म्हणून विलीचं नाव त्यावर नव्हतं. 'नाइट लाइफ' गेलं १५० डॉलरला. त्याचं रेकॉर्डिंग ज्यांनी करायचं होतं त्यांना ते कंट्री वाटलंच नाही, म्हणून ते वेगळ्या रेकॉर्ड कंपनीकडून आलं आणि गायक म्हणून नाव छापलं 'ह्यू नेल्सन'. (त्याचं पूर्ण नाव विली ह्यू नेल्सन.)

'नाइट लाइफ' मी दुसऱ्या महिन्यात बसवलं होतं, तेव्हाच्या नोंदीत ते 'सोपं ब्लूज' असं लिहून पुढे गेले होते. ते मागे घेते. परवा पुन्हा वाजवलं तेव्हा जाणवलं की यात ब्लूजची चाल आहे, जॅझच्या कॉर्ड आहेत आणि वरून बोलल्यासारखं गाणं आहे. नकार देणाऱ्याचा कान वाईट नव्हता. त्या वेळच्या कंट्रीच्या कप्प्यात ते खरंच मावत नव्हतं.

१९६० मध्ये तो कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलला गेला. तिथे हँक कॉक्रन या गीतकाराने त्याला पॅम्पर म्युझिक या प्रकाशन कंपनीत चिकटवलं, आठवड्याला ५० डॉलर. कॉक्रनला स्वतःला तेवढीच पगारवाढ मिळणार होती, ती त्याने सोडली आणि ते पैसे विलीला द्यायला सांगितले. कारकिर्दीतला हा प्रसंग मला सगळ्यांत जास्त आवडतो. पुढच्या वर्षभरात 'हॅलो वॉल्स' फॅरन यंगच्या आवाजात कंट्री गाण्यांच्या लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तेही विली विकायला निघाला होता, यंगने ते विकत घेतलं नाही आणि उलट ५०० डॉलर उसने दिले. विकलं गेलं असतं तर 'फॅमिली बायबल'चीच गत झाली असती.

आणि त्याच वर्षी 'क्रेझी', पॅट्सी क्लाइनच्या आवाजात.

पॅट्सीचा १९६१ च्या जूनमध्ये मोठा मोटार अपघात झाला होता, बरगड्यांना मार होता. ऑगस्टमध्ये स्टुडिओत आली तेव्हा वरचे सूर लावताना दुखत होतं. निर्माता ओवेन ब्रॅडलीने वादकांचा भाग मुद्रित करून ठेवला आणि काही आठवड्यांनी तिने येऊन त्यावर गायलं. विलीने दिलेलं नमुना-मुद्रण ऐकून ती आधी वैतागली होती असं सांगतात, कारण ओळी तालावर पडतच नव्हत्या. शेवटी तिने ते तिच्या पद्धतीने, सरळ आणि भरदार गायलं. मी दोन्ही मुद्रणं आलटून पालटून ऐकली. पॅट्सीबरोबर गाताना मी पहिल्या दिवशी बरोबर चालले. विलीबरोबर तीन आठवडे गेले.

आता कॉर्ड. मी 'सी'च्या पट्टीत वाजवते: सी, ए सेव्हन, डी मायनर, जी सेव्हन, परत सी. मधला भाग एफवरून सुरू होतो आणि डी सेव्हनवरून जी सेव्हनवर येतो. ए सेव्हनवरच कान टवकारतात, कारण तीन कॉर्डच्या गाण्यात ती अपेक्षित नसते. लय संथ, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६८ वर. इथपर्यंत कुणालाही जमेल.

अडचण पुढे. गळा उशीर करायला लागला की उजवा हातही उशीर करतो. मी ओळ मागे ओढली की पिकही मागे ओढलं जायचं आणि सगळं गाणंच रेंगाळायचं. रेकॉर्डिंग ऐकून रडू आलं होतं एकदा. बाबा तबला वाजवायचे, हल्ली बोटं साथ देत नाहीत. ते शेजारच्या खोलीतून ऐकत होते. बाहेर आले, टेबलावर हाताने ठेका धरला आणि विलीचं मुद्रण लावायला सांगितलं. दोन कडवी ऐकून म्हणाले, "अगं, हा मागे पडत नाहीये. याच्या मनात ठेका पक्का चालू आहे, बोल कुठे टाकायचा ते तो ठरवतोय. तुझा ठेकाच पक्का नाही, तू आधी बोल कशाला हलवतेस?"

मग त्यांनीच उपाय दिला. रोज दहा मिनिटं उजव्या हाताने नुसता चार मात्रांचा ठेका चालू ठेवायचा आणि समोर वर्तमानपत्र धरून मोठ्याने बातम्या वाचायच्या. वाचनाची लय ठेक्याशी जुळवायची नाही. पहिले चार दिवस हात वाक्यांबरोबर धावत होता. नवव्या दिवशी हात आणि तोंड सुटे झाले. त्यानंतर 'क्रेझी'ची पहिली ओळ दोन मात्रा उशिरा सुरू केली आणि हात जागचा हलला नाही. ज्यांना गाताना वाजवायला अडचण येते त्यांनी हा सराव जरूर करून बघा, कुठल्याही शैलीसाठी उपयोगी पडेल.

मधली साताठ वर्षं मी भराभर पार केली. १९६४ च्या अखेरीपासून तो आरसीए या रेकॉर्ड कंपनीकडे होता, चेट ॲटकिन्ससारखा जाणकार निर्माता होता, पण मागे व्हायोलिनं आणि कोरस भरलेली बरीच मुद्रणं आहेत आणि त्या गर्दीत त्याच्या उशिरा येणाऱ्या शब्दाला मोकळी जागाच उरत नाही. गीतकार म्हणून नाव झालं होतं, गायक म्हणून रेकॉर्ड खपत नव्हत्या. सरावासाठी यातून फारसं हाती लागलं नाही.

पण १९६९ चं एक वर्ष आपल्यासारख्यांसाठी महत्त्वाचं आहे: गिटार. त्याच्याकडे आधी बाल्डविन कंपनीची गिटार होती. टेक्ससमधल्या हेलोटस गावच्या कार्यक्रमात एका दारुड्याचा पाय पडून ती मोडली. नॅशव्हिलच्या शॉट जॅक्सनने सांगितलं की ही दुरुस्त होणार नाही, पण माझ्याकडे एक मार्टिन एन-२० आहे. विलीने ती न पाहता ७५० डॉलरला घेतली, जॅक्सनने जुन्या गिटारमधला पिकअप (तारांचा आवाज विजेवर उचलणारा भाग) काढून हिच्यात बसवला. स्प्रूस लाकडाची पुढची पाटी, ब्राझिलियन रोजवूडची पाठ, नायलॉनच्या तारा. सिनेमातला गुराखी रॉय रॉजर्स याच्या घोड्यावरून तिचं नाव 'ट्रिगर' ठेवलं. नॅशव्हिलजवळच्या रिजटॉपचं त्याचं घर जळालं तेव्हा तो आत शिरून तिला बाहेर घेऊन आला. क्लासिकल गिटारला पिकचे ओरखडे झेलणारी पट्टी नसते, कारण ती बोटांनी वाजवायची असते. विली पिकने वाजवत राहिला आणि साउंडहोलच्या (पाटीवरच्या गोल भोकाच्या) खाली लाकूड झिजून आरपार भोक पडलं. संगीतकार लिऑन रसेलपासून सुरू होऊन शंभरावर लोकांच्या सह्या तिच्यावर आहेत आणि ऑस्टिनचा मार्क अर्लवाइन वर्षानुवर्षं तिची डागडुजी करतो आहे.

माझ्या गिटारचंही सांगायला हवं. तिसऱ्या महिन्यात एका दुकानात तारा बदलायला दिल्या होत्या. तिथे नायलॉनऐवजी स्टीलच्या तारा चढवल्या आणि मीही घरी येऊन नीट पाहिलं नाही. स्टीलचा ताण खूप जास्त असतो, क्लासिकलचा ब्रिज (पाटीवर तारा बांधायची पट्टी) तेवढ्यासाठी बनवलेला नसतो. आठ दिवसांत ब्रिज मागच्या कडेने उचलला. पुन्हा चिकटवून घेतला, आता ठीक आहे, पण सुतारकामाच्या वेळी जीव वरखाली झाला. नायलॉनची तार ब्रिजला गाठ मारून बांधतात, टोकाला गोळी असलेली स्टीलची तार दिसली की तिथेच थांबवा. पिकबद्दल माझा अनुभव असा की पातळ पिक नायलॉनवर फटफट वाजतं. १.२ मिलिमीटरचं घेतल्यापासून आवाज गोल यायला लागला.

चालू महिन्यात मी १९७५ वर पोहोचले आहे. तो १९७२ मध्ये टेक्ससला, ऑस्टिनला परतला होता. तिथे आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स या संगीतगृहात लांब केसांची पोरं आणि गुराखी टोपीवाले एकाच छताखाली त्याला ऐकायला येत. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशी करार करताना त्याने मुद्रणावरचा पूर्ण ताबा मागून घेतला आणि गार्लंडच्या एका स्टुडिओत थोडक्या पैशांत 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हा अल्बम केला. त्याची बहीण बॉबी हिचा पियानो, मिकी राफेलचा माउथऑर्गन, पॉल इंग्लिशचे ड्रम, ट्रिगर आणि मध्ये भरपूर शांतता. कंपनीतल्या लोकांना ते अपुरं नमुना-मुद्रण वाटलं होतं. लोकांनी तो अल्बम कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर नेला.

यातलं 'ब्लू आइज क्राइंग इन द रेन' हे गायक म्हणून त्याचं पहिलं अव्वल क्रमांकाचं गाणं, आणि ते त्याचं नाही. फ्रेड रोजने लिहिलेलं, तेव्हाच तीस वर्षांचं जुनं. दुसऱ्यांना अव्वल गाणी लिहून देणाऱ्या माणसाला स्वतःला वर नेणारं गाणं दुसऱ्याचं निघालं, कारण इथे पहिल्यांदा कुणी त्याच्या शब्दाच्या मागेपुढे असण्यात हात घातला नाही. माझं मत असं आहे, तुमचं वेगळं असू शकतं.

कॉर्ड तीनच: ई, ए, बी सेव्हन. रुंद नेकवर बी सेव्हन ताणते, पण बसली. सोलो (मधला नुसत्या गिटारचा तुकडा) छोटा आहे, सूर थोडे आहेत, तरी दोन आठवडे त्यातच गेले आहेत. विली जॅझ गिटारवादक जॅंगो राइनहार्टचा भक्त आहे, सोलोतही तो गातो तसाच एखादा सूर अडवून ठेवतो आणि मग तीन-चार एकदम सोडतो. माझे ते तीन-चार एकमेकांवर आदळतात.

ऐकायला काय वापरते असं दोघांनी विचारलं होतं. १९९० मध्ये अमेरिकेच्या आयकर खात्याने सुमारे १ कोटी ६७ लाख डॉलरच्या थकबाकीसाठी त्याची मालमत्ता जप्त केली. ते फेडण्यासाठी त्याने 'द आयआरएस टेप्स' हा अल्बम काढला (आयआरएस म्हणजे तेच आयकर खातं), त्यात फक्त आवाज आणि गिटार आहे, बाकी काही नाही. उजवा हात काय करतो हे इतकं स्वच्छ दुसरीकडे ऐकू येत नाही. जप्तीच्या वेळी ट्रिगर जाऊ नये म्हणून त्याच्या मुलीने ती आधीच त्याच्याकडे हवाईला पाठवून दिली होती. हेडफोन लावून ऐका, पिक लाकडाला घासल्याचा आवाजही येतो.

रविवारी 'ब्लू आइज' बाबांसमोर वाजवलं. सोलो ७२ वर बरोबर आला, ८० वर दोनदा कोसळला. बाबांनी ठेका धरला होता, दुसऱ्या कडव्यानंतर त्यांनी हात थांबवला आणि नुसते ऐकत राहिले. पुढच्या महिन्यात ८४ वर न्यायचा आहे. कुणी नायलॉनवर पिकने झटपट सूर बसवले असतील तर मनगट ब्रिजवर टेकवता की अधांतरी ठेवता, ते कळवा.